आधी फिल्टर, मग सूर्य

ग्रहण जवळ आलं की ओळखीतले लोक मला एकच प्रश्न विचारतात: "घरात बरा कॅमेरा आहे, टेलिफोटो लेन्सही आहे, सूर्याचा फोटो काढला तर चालेल का?" चालेल. नुसता चालेल असं नाही, फार सुंदर येईल. त्यासाठी ग्रहणाची वाट बघायचीही गरज नाही. सूर्य रोज उगवतो आणि सौरचक्र, म्हणजे सूर्यावरचे डाग वाढण्या-घटण्याचं चक्र, भरात असेल तर त्याच्या बिंबावर रोज काही ना काही बघण्यासारखं असतं. पण उत्तराच्या सुरुवातीलाच मी एक गोष्ट सांगून टाकते, कारण नंतर उत्साहाच्या भरात ती कुणाच्या कानात शिरत नाही. लेन्सच्या पुढच्या तोंडावर सूर्यासाठीच बनवलेला फिल्टर घट्ट बसल्याशिवाय कॅमेरा सूर्याकडे वळवायचा नाही. एका सेकंदासाठीही नाही, "फक्त फ्रेम जमतेय का बघते" म्हणूनही नाही.

मी सूर्याच्या नादी लागले ती आकाशाच्या ओढीनेच. पण तेजोमेघ आणि आकाशगंगांचे फोटो काढायचे तर रात्र रात्र जागावं लागतं, काळोख्या जागा शोधत लांब जावं लागतं. माझ्या कामाच्या वेळांत ते बसत नाही. सूर्य हा एकच तारा असा, की ज्याच्या पृष्ठभागावरचे तपशील साध्या कॅमेऱ्याच्या लेन्सने टिपता येतात, तेही सकाळी कामावर निघण्याआधी. शहराच्या दिव्यांचा त्याला काही उपद्रव नाही. माझ्याकडे एक जुना डीएसएलआर आहे आणि 400 मिमीची एफ/5.6 लेन्स आहे. या जोडीवर मी पूर्ण समाधानी आहे, आणि खाली जे लिहिलंय ते बहुतेक याच जोडीच्या अनुभवातून आलंय.

धोका किती मोठा आहे हे आकड्यांत बघितलं की मनात पक्कं बसतं. निरभ्र दुपारी सूर्याकडून जमिनीवर दर चौरस मीटरला साधारण 1000 वॉट ऊर्जा येते. माझ्या लेन्सचं तोंड सुमारे 71 मिमी व्यासाचं आहे, म्हणजे त्यातून चारेक वॉट आत शिरतात. ऐकायला हे थोडं वाटतं. पण सेन्सरवर सूर्याची प्रतिमा केवढी पडते ते बघा. फोकल लेंथला साधारण 108 ने भागायचं, कारण सूर्य आपल्यापासून स्वतःच्या व्यासाच्या साधारण 108 पट लांब आहे. 400 मिमीच्या लेन्सला हे उत्तर येतं 3.7 मिमी. म्हणजे 71 मिमीच्या वर्तुळात पडलेलं सगळं ऊन 3.7 मिमीच्या टिकलीत गोळा होतं, आणि तिथे ते उघड्या उन्हाच्या साडेतीनशे पटींहून जास्त प्रखर असतं. भिंगाने कागद जाळायचा खेळ बहुतेकांनी लहानपणी केलेला असतो. टेलिफोटो लेन्स म्हणजे तेच भिंग, फक्त कितीतरी काटेकोर घासलेलं. कागदाच्या जागी असतात शटरची पातळ पाती, सेन्सर किंवा तुमचा डोळा.

कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी मला असं जळलेलं शटर हातात दिलं होतं. टाचणीच्या डोक्याएवढं भोक, कडा आत वळलेल्या, आणि भोवती धातूवर निळसर-तपकिरी रंगाचं वलय. कॅमेरा ट्रायपॉडवर सूर्याच्या दिशेने तसाच ठेवून मालक काही मिनिटं बाजूला गेला होता. फोटो काढला जात नव्हता, कॅमेरा बंद होता. ही गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. कॅमेरा बंद असला तरी लेन्स आपलं काम करतच असते.

"मग लेन्सचं छिद्र एफ/22, म्हणजे अगदी लहान, करून टाकलं तर?" हाही नेहमीचा प्रश्न. डीएसएलआरमध्ये तुम्ही ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावून लेन्समधून थेट बघायच्या खिडकीतून, बघत असता तेव्हा छिद्र पूर्ण उघडं असतं. ते लहान होतं फक्त फोटो घेतला जातो त्या क्षणी. म्हणजे डोळ्याला त्याचा काडीचाही उपयोग नाही. वाइड अँगल लेन्सने काढलेल्या निसर्गचित्राच्या कोपऱ्यात सूर्य आला तर गोष्ट वेगळी. तिथे लेन्सचं छिद्र मुळात काही मिलिमीटरांचं, आत येणारी एकूण ऊर्जा थोडी, प्रतिमा मिलिमीटरच्या पाव हिश्श्यापेक्षाही लहान, आणि उष्णता आजूबाजूला पसरून जाते. झटकन घेतलेल्या अशा फोटोने कॅमेऱ्याचं सहसा काही बिघडत नाही. तरीही त्या लेन्समधून ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरने थेट सूर्यबिंबाकडे बघायचं नाहीच.

डोळ्याबद्दल एकच सांगते, पण ते सगळ्यात महत्त्वाचं. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. तो भाजत असताना दुखत नाही, चुरचुरत नाही, त्यामुळे हात आपोआप मागे येत नाही. काही तासांनी नजरेच्या बरोबर मध्यावर धूसर किंवा काळा डाग जाणवायला लागतो, म्हणजे जिथे बघायचं नेमकं तिथेच दिसत नाही. काहींची नजर काही महिन्यांत सुधारते, काहींचा डाग कायमचा राहतो. खात्रीचा उपचार नाही. म्हणून मी या बाबतीत कुणाचंही "आम्ही तर असंच बघायचो, काही झालं नाही" ऐकून घेत नाही.

आता फिल्टर. सूर्यासाठीचे फिल्टर दोन प्रकारचे मिळतात: काचेचे आणि पातळ फिल्मचे. मी फिल्म वापरते, बाडर कंपनीची ॲस्ट्रोसोलर. चांदीसारखी चकचकीत, हातात घेतली की चॉकलेटच्या वेष्टनासारखी वाजते. तिची घनता 5, म्हणजे एक लाख भागांतला एकच भाग प्रकाश पलीकडे जातो. छायाचित्रणाच्या भाषेत साडेसोळा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). महत्त्वाचं म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशाबरोबर ती अतिनील आणि अवरक्त किरणही अडवते. याच कंपनीची 3.8 घनतेचीही फिल्म मिळते. ती सुमारे सोळा पट जास्त प्रकाश सोडते आणि फक्त कॅमेऱ्यासाठी आहे, डोळ्यासाठी नाही. माझं मत विचाराल तर घरात 5 घनतेचीच ठेवा. एकाच कपाटात दोन्ही असल्या की कधीतरी घाईत चुकीची हाती येणार. काळ्या पॉलिमरच्या फिल्ममधून सूर्य नारिंगी दिसतो, माझ्या फिल्ममधून पांढरा, किंचित निळसर. लोकांना नारिंगी आवडतो. मला पांढरा आवडतो, कारण वातावरणाबाहेरून बघितलं तर सूर्य पांढराच आहे.

एनडी फिल्टरचं काय? धबधब्यांच्या फोटोंसाठी घेतलेला दहा स्टॉपचा एनडी फिल्टर प्रकाश हजार पट कमी करतो. सूर्यासाठी लाख पट लागतो. शिवाय साधे एनडी फिल्टर दिसणारा प्रकाश कमी करतात, अवरक्त मात्र बऱ्यापैकी सोडतात. त्यामुळे सूर्य डोळ्यांना सुसह्य दिसतो आणि उष्णता तशीच आत येत राहते. ही फसवणूक फार वाईट. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, गॉगल, दोन पोलरायझर एकमेकांवर आडवे धरणं, हे सगळं याच कारणासाठी बाद.

आणि ग्रहणाचे चष्मे. आयएसओ 12312-2 हे मानक पाळणारे चष्मे उघड्या डोळ्यांनी सूर्य बघायला उत्तम आहेत. पण चष्मा डोळ्यावर चढवून, फिल्टर नसलेल्या लेन्सच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्य बघायचा नाही. लेन्सने एकवटलेलं ऊन चष्म्याच्या फिल्मवर एका जागी पडतं, ती फिल्म भोक पडण्याइतकी तापू शकते आणि पलीकडे लगेच डोळा असतो. फिल्टर नेहमी उन्हाच्या बाजूला, लेन्सच्या पुढे. तिथे ऊन अजून एकवटलेलं नसतं, म्हणून पातळ फिल्मसुद्धा निवांत काम करते. जुन्या छोट्या दुर्बिणींबरोबर आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या टोकाला, बसवायचा काळा फिल्टर यायचा. घरात तसा सापडला तर टाकून द्या. तो तापून तडकतो.

माझ्या फिल्टरची चौकट मी जाड पुठ्ठ्याची केली आहे. लेन्सच्या हूडवर घट्ट बसेल अशी पट्टी गुंडाळून नळकांडं केलं, दोन कड्यांच्या मध्ये फिल्म ठेवून दुहेरी चिकटपट्टीने बसवली. फिल्म ताणायची नाही. ती थोडी सैल, सुरकुतलेली दिसते आणि तशीच असू द्यायची. ताणली तर प्रतिमा बिघडते, सुरकुत्यांनी बिघडत नाही. नळकांड्याभोवती कागदी चिकटपट्टीचे दोन वेढे मी दर वेळी देते, वाऱ्याने ते उडू नये म्हणून. वापरण्याआधी फिल्टर प्रखर दिव्यासमोर धरून बघायचा. कुठे टाचणीएवढाही ठिपका लुकलुकला किंवा ओरखडा दिसला तर ती फिल्म बदलायची. नवी फिल्म कापायला अर्धा तास जातो आणि तो वाचवण्यात काहीच शहाणपण नाही.

मिररलेस कॅमेरा असेल तर डोळ्याचा धोका जवळपास संपतो, कारण आत दिसतं ते छोट्या पडद्यावरचं चित्र. पण सेन्सर सतत उघडा, म्हणून कॅमेऱ्याचा धोका वाढतो. डीएसएलआरवाल्यांनी सरळ लाइव्ह व्ह्यूची, म्हणजे मागच्या पडद्यावर बघण्याची, सवय लावावी. मी फिल्टर लावलेला असतानाही ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला डोळा लावत नाही. आयपीसवर रबरी झाकण लावून ठेवते.

मग सूर्य सापडतो कसा? सावलीने. फिल्टर लावलेल्या लेन्समधून सूर्य सोडून सगळं काळंकुट्ट दिसतं, त्यामुळे अंदाजाने शोधायला गेलात तर वैतागाल. जमिनीवर किंवा मागच्या भिंतीवर लेन्सची सावली बघायची. ती लांबट असते. कॅमेरा हलवत हलवत सावली आखडत न्यायची. ती सगळ्यात लहान आणि गोल झाली की सूर्य फ्रेममध्ये किंवा अगदी काठावर आलेला असतो. या सगळ्यात मान वर करून सूर्याकडे बघावं लागत नाही. बंद करतानाचा क्रम उलटा: आधी लेन्स सूर्यापासून बाजूला वळवायची, मग टोपी लावायची, फिल्टर सगळ्यात शेवटी काढायचा.

फोकसवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. ऑटोफोकस सूर्याच्या कडेवर कधी पकडतो, कधी पुढेमागे घुटमळत राहतो, म्हणून तो बंद. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवरही विश्वास नाही, कारण टेलिफोटोचं फोकस तापमानाप्रमाणे सरकतं, आणि उन्हात उभी असलेली लेन्स दर मिनिटाला तापत असते. लाइव्ह व्ह्यू दहा पट मोठा करायचा आणि एखादा डाग मध्यावर आणायचा. बिंबाच्या कडेपेक्षा डागावर फोकस करणं सोपं, कारण डागाचा गाभा काळा आणि भोवतीची किनार करडी असते. किनार गाभ्यापासून वेगळी झाली की फोकस जमला. डाग नसेल तर बिंबाची कड. उन्हात पडदा दिसत नाही, त्यासाठी डोक्यावरून आणि कॅमेऱ्यावरून गडद कापड घ्यायचं. फोकसचं कडं केसभर पुढे, केसभर मागे, दोन्हीकडे चित्र बिघडू द्यायचं आणि मग मधोमध थांबायचं. हवा हलत असते, म्हणून एका क्षणावर निर्णय घ्यायचा नाही. दहा-पंधरा सेकंद बघत राहिलं की मधूनच चित्र स्थिर होतं आणि डागाची झालर लख्ख दिसते. तो क्षण मला फोटो काढण्याइतकाच आवडतो. दर दहा मिनिटांनी फोकस पुन्हा तपासते.

एक्सपोजर त्या मानाने सोपं. 5 घनतेच्या फिल्टरला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100, एफ/8 आणि 1/1000 सेकंद इथून सुरुवात करा, हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, बघा, बिंब पांढरं फटक होणार नाही इतपत बदला. कॅमेऱ्याच्या आपोआप एक्सपोजरवर सोडू नका. काळी फ्रेम बघून तो उजेड वाढवत नेतो आणि सूर्याची कोरी चकती हाती येते. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा, व्हाइट बॅलन्स उन्हाचा ठेवा. नारिंगी फिल्टर असेल तर लाल चॅनेल वेगळा तपासा, तो सगळ्यांच्या आधी भरून वाहतो. ट्रायपॉडवर असताना लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद, आणि बटण दाबण्याऐवजी दोन सेकंदांचा टायमर.

खरी लढाई हवेशी असते. उन्हाने जमीन तापली की गरम हवेच्या लाटा वर येतात आणि सूर्याची कड पाण्यात पडल्यासारखी थरथरते. सूर्य क्षितिजापासून बऱ्यापैकी वर आला आहे पण जमीन अजून तापलेली नाही, अशी सकाळची वेळ सर्वांत चांगली. सिमेंटच्या गच्चीपेक्षा गवत बरं. तापलेल्या पत्र्याच्या छपरावरून बघणं तर अजिबात नको. हे जमलं तरी एकाच फोटोवर भिस्त ठेवायची नाही. मी एका वेळी पन्नासेक फोटो भराभर घेते आणि घरी येऊन त्यांतले सर्वांत ठसठशीत निवडते. ऑटोस्टॅकर्टसारखं मोफत सॉफ्टवेअर चांगल्या फ्रेम निवडून एकावर एक रचून देतं. रचलेलं चित्र आधी मऊ दिसतं, मग हलक्या हाताने तीक्ष्ण केलं की तपशील वर येतात. हलक्या हाताने, हे महत्त्वाचं. जास्त केलं की सूर्यावर नसलेली जाळी दिसायला लागते, आणि तसा फोटो मला खोटा वाटतो.

फोटोत दिसतं काय? सगळ्यात आधी लक्षात येतं ते हे, की बिंब मधे उजळ आणि कडेला मंद असतं. कडेकडे बघताना आपली नजर सूर्याच्या वरच्या, तुलनेने थंड थरांतच अडकते. मधोमध ती जास्त खोल, जास्त तप्त थरापर्यंत पोचते. मग डाग. पृष्ठभागाचं तापमान सुमारे 5,500 अंश सेल्सिअस आणि डागाचा गाभा त्याहून हजार-दोन हजार अंशांनी थंड. प्रबळ चुंबकीय क्षेत्रामुळे खालून येणारी उष्णता तिथे अडते, म्हणून तो काळा दिसतो. एकटा काढून आकाशात ठेवता आला तर तोही डोळे दिपवेल. कडेजवळ, जिथे बिंब मंद असतं तिथे, पांढरट शिरांचं जाळंही दिसतं. त्यांना फॅक्युला म्हणतात. बऱ्याच जणांना आपल्या फोटोत त्या आहेत हे ठाऊकच नसतं. कॉन्ट्रास्ट थोडा वाढवून कडा निरखून बघा.

1845 साली 2 एप्रिलला पॅरिसमध्ये फिझो आणि फूको या फ्रेंच शास्त्रज्ञांनी डॅगेरोटाइपच्या, म्हणजे त्या काळच्या छायाचित्रण पद्धतीतल्या चांदीचा मुलामा दिलेल्या, पत्र्यावर सूर्याचा फोटो घेतला. एक्सपोजर होतं 1/60 सेकंद. त्यातही डाग आहेत आणि कडेचा मंदपणाही आहे. आपल्या कोडाईकनाल वेधशाळेत 1904 पासून सूर्याचे फोटो जपून ठेवलेत, आणि शंभराहून अधिक वर्षांच्या त्या संग्रहावर आजही अभ्यास चालतो. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे. 1845 च्या त्या पत्र्यावर जे उमटलं, तेच माझ्या सेन्सरवरही उमटतं.

आकाराचा अंदाज मी असा घेते. सूर्याच्या व्यासात पृथ्वी 109 वेळा बसते. माझ्या कॅमेऱ्याचा पिक्सेल साधारण 4 मायक्रॉनचा, म्हणून 3.7 मिमीचं सूर्यबिंब साधारण 930 पिक्सेलचं होतं. म्हणजे पृथ्वी साडेआठ पिक्सेलची. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात मी तेवढाच निळा ठिपका काढून ठेवते. मे 2024 मध्ये 3664 क्रमांकाचा सक्रिय प्रदेश, म्हणजे डागांचा मोठा समूह, समोर आला होता. त्याची लांबी पृथ्वीच्या व्यासाच्या सुमारे 15 पट होती. माझ्या फोटोत तो 130 पिक्सेलांच्या आसपास भरला. ग्रहणाच्या चष्म्यातून तो नुसत्या डोळ्यांनाही दिसत होता. त्याच प्रदेशातल्या उद्रेकांमुळे 10 मेच्या सुमारास पृथ्वीवर वीस वर्षांतलं सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळ आलं आणि नेहमीपेक्षा फार दक्षिणेकडेही ध्रुवीय प्रकाश दिसला. शेजारची मुलं तेव्हा रोज विचारायची, "मावशी, आज डाग कुठे सरकला?" मी त्यांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवायची. त्यातल्या एकीने कोपऱ्यातल्या निळ्या ठिपक्यावर बोट ठेवून विचारलं, "यात आपण सगळे?" हो, सगळे.

मुलं आसपास असतील तर एक नियम: कॅमेरा सोडून कुठेही जायचं नाही. फोन वाजला तरी आधी लेन्स बाजूला वळवायची आणि टोपी लावायची. मुलं फिल्टरला हात लावून बघतात, आणि ते अगदी साहजिक आहे.

एका फोटोपेक्षा मालिका जास्त बोलते. पृथ्वीवरून बघता सूर्य सुमारे 27 दिवसांत स्वतःभोवती एक फेरी मारतो, म्हणून पूर्वेच्या कडेवर उगवलेला डाग दोन आठवड्यांत पश्चिमेच्या कडेला पोचतो. जाताना त्याचा आकार बदलतो, जोडडाग फुटतात, काही विरून जातात. कडेजवळ गोल डाग दबून लंबगोल होतो. एवढ्यावरूनही सूर्य ही सपाट चकती नाही, गोल आहे, हे डोळ्यांनी पटतं. मालिका करायची असेल तर रोज एकाच वेळी फोटो घ्या. साध्या ट्रायपॉडवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बिंब फ्रेममध्ये फिरत जातं आणि कालचा डाग आज भलतीकडेच गेल्यासारखा वाटतो. दिशा ठरवायला सोपी युक्ती आहे. कॅमेरा न हलवता एका मिनिटाच्या अंतराने दोन फोटो घ्या. आकाश तासाला 15 अंश फिरतं, म्हणजे सूर्य दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. ज्या बाजूला सरकला ती पश्चिम. मग नासाच्या एसडीओ या सूर्य न्याहाळणाऱ्या यानाच्या त्या दिवसाच्या चित्राशी आपलं चित्र जुळवून बघा, डागांच्या प्रदेशांचे क्रमांकही मिळतात.

सूर्यास्ताबद्दल थोडक्यात. क्षितिजाजवळ सूर्य लालसर आणि मवाळ दिसतो, पण दिसणारा प्रकाश जितका घटतो तितके अवरक्त किरण घटत नाहीत. म्हणून लांब लेन्सने सूर्यास्त काढायचाच असेल तर लाइव्ह व्ह्यूवर, फोटो घेण्यापुरताच, बाकी वेळ टोपी लावून. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर नकोच. चपटं झालेलं बिंब मात्र जरूर टिपा. क्षितिजाशी वातावरण प्रकाशाला सुमारे 34 कलांनी (60 कला म्हणजे एक अंश) वाकवतं आणि सूर्यबिंब आहे सुमारे 32 कलांचं. म्हणजे खालची कड क्षितिजाला टेकलेली दिसते तेव्हा खरा सूर्य आख्खा क्षितिजाखाली गेलेला असतो.

मोबाइलवाल्यांना: लेन्ससमोर ग्रहणाचा चष्मा सपाट धरा आणि फोटो घ्या. बिंब लहान येईल, पण ग्रहणाची कोर कळेल. त्याहून मजा हवी असेल तर पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून दोन मीटरवर पांढरा कागद धरा. कागदावर जवळजवळ 2 सेंटिमीटरचा सूर्य पडेल. पाठ सूर्याकडे, नजर आणि मोबाइल कागदाकडे.

खंडग्रास आणि कंकणाकृती ग्रहणात फिल्टर पहिल्यापासून शेवटपर्यंत लेन्सवरच हवा. कंकणाकृतीत उरलेलं कडंही डोळा भाजायला पुरेसं असतं. फक्त खग्रास ग्रहणात, तेही तुम्ही पूर्ण छायेच्या पट्ट्यात उभे असाल आणि सूर्य शंभर टक्के झाकला गेला असेल तर, फिल्टर काढायचा. प्रभामंडल, म्हणजे झाकलेल्या सूर्याभोवतीचं फिकट तेज, फिल्टरमधून दिसतच नाही. हिऱ्याची अंगठी, म्हणजे सूर्याच्या कडेचा पहिला लखलखता ठिपका, पुन्हा चमकायच्या आत फिल्टर परत. 2 ऑगस्ट 2027 च्या खग्रास ग्रहणात इजिप्तमध्ये लक्झरजवळ सहा मिनिटांहून जास्त काळ ही संधी मिळेल. तिकडे जाणाऱ्यांनी डोळे मिटून फिल्टर काढायचा आणि लावायचा सराव आतापासून करावा. त्या क्षणी हात थरथरतात असं अनुभवी लोक सांगतात.

माझी नजर मात्र 13 नोव्हेंबर 2032 वर आहे. त्या दिवशी बुध सूर्यबिंबावरून सरकत जाईल. शुक्राचं अधिक्रमण 2012 च्या जूनमध्ये झालं, ते आता 2117 पर्यंत नाही, म्हणून आपल्या वाट्याला बुधच. नोव्हेंबरच्या अधिक्रमणात तो सूर्याच्या व्यासाच्या सुमारे 1/190 दिसतो, म्हणजे माझ्या 400 मिमीवर जेमतेम पाच पिक्सेल. पाच पिक्सेलात डाग आणि ग्रह ओळखू येणं कठीण, म्हणून दुपटीचा टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्सची फोकल लेंथ दुप्पट करणारं जोडभिंग, घेतलाय. त्याने बिंब 7.4 मिमीचं होतं, बुध नऊ-दहा पिक्सेलांचा होतो, पण एफ/5.6 ची लेन्स एफ/11 होते आणि फोकस जास्तच नाजूक होतं. सध्या मी लहानात लहान, किनार नसलेले डाग निवडून त्यांच्यावर हाच फोकस घोटतेय.